पाहुण्यांच्या गावाची लोकसंख्या कशी मोजावी

ताडोब्याच्या मोहर्ली किंवा कोलारा गेटजवळच्या गावात जाऊन लोकसंख्या विचारली, तर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलेला आकडा दाखवला जातो. तो २०११ च्या जनगणनेतला असतो आणि आपल्या जागी बरोबरही असतो. मात्र मे महिन्यातल्या एखाद्या शनिवारी रात्री त्या गावाच्या शिवारात किती माणसे मुक्कामाला असतात आणि जुलैतल्या मंगळवारी किती, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर त्या आकड्यात नसते. पाण्याची टाकी किती लिटरची हवी, घंटागाडीने किती फेऱ्या माराव्यात, बसथांब्यामागे किती शौचालये बांधावीत, हे निर्णय भिंतीवरच्या आकड्यावरून घेतले जातात आणि त्यांची परीक्षा होते ती मे महिन्यात.

हा लेख अशा गावांच्या सरपंचांसाठी, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी आणि मोजणीला हातभार लावणाऱ्या शिक्षकांसाठी व विद्यार्थ्यांसाठी आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असताना २०११ मध्ये प्रगणक होतो आणि त्यानंतर गेटजवळच्या एका गावासाठी तीनदा हंगामी मोजणी केली. त्यातली पहिली सपशेल चुकली. पुढे जे सांगितले आहे त्यातले बरेचसे त्या चुकीतूनच शिकलेले आहे.

आधी रात्र ठरवावी

‘गावाची लोकसंख्या किती’ हा प्रश्न पर्यटनाच्या गावात अर्धवट असतो. कोणत्या रात्रीची आणि कशासाठी, हे त्याला जोडल्याशिवाय मोजणीला हात घालू नये. एक उदाहरण घेऊ. बालाघाटहून आलेला एक स्वयंपाकी १ ऑक्टोबरला, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाचा गाभा पर्यटकांसाठी उघडतो त्या दिवशी, रिसॉर्टवर रुजू होतो आणि ३० जूनला गाभा पावसाळ्यासाठी बंद झाला की घरी परततो. मतदार यादीत तो बालाघाटचा आहे आणि त्याची शिधापत्रिकाही तिकडचीच आहे. राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीची व्याख्या लावली, म्हणजे मागचे सहा महिने राहिलेला किंवा पुढचे सहा महिने राहण्याचा विचार असलेला तो रहिवासी असे मानले, तर तो आपल्या गावचा ठरतो. जनगणनेत मात्र तो कुठला ठरेल, हे फेब्रुवारीत तो चार दिवस घरी गेला होता की नाही यावर अवलंबून असते.

कारण २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी अशी वीस दिवस चालली, तिची संदर्भवेळ १ मार्चच्या मध्यरात्रीची होती आणि १ ते ५ मार्च या काळात फेरतपासणी झाली. त्या वीस दिवसांत माणूस आपल्या नेहमीच्या घरी थोडे दिवस जरी राहिला असेल, तरी त्याची नोंद तिथेच व्हायची. संपूर्ण काळ तो बाहेर असेल, तर जिथे सापडेल तिथे. देशभराच्या मोजणीसाठी ही व्यवस्था योग्य आहे, कारण पर्यटक आपापल्या घरी मोजला जातो आणि त्याची दुबार नोंद होत नाही. २०११ मध्ये महाशिवरात्र २ मार्चला होती, म्हणजे फेरतपासणीच्या दिवसांतच मार्कंडादेवाची यात्रा भरलेली होती. तरीही यात्रेकरूंमुळे चामोर्शी तालुक्याचा आकडा फुगला नाही, तो याच व्याख्येमुळे. पण ज्या गावाला त्या यात्रेकरूंना पाणी पाजायचे असते, त्याच्या हाती ही व्याख्या काही देत नाही.

१९३१ पर्यंत भारतातली जनगणना जवळजवळ सगळीकडे एकाच रात्री होत असे आणि जो जिथे सापडेल त्याला तिथे मोजत असत. पुढे ही पद्धत सोडून देण्यात आली, कारण एवढ्या मोठ्या देशात एका रात्रीसाठी प्रगणकांची फौज उभी करणे फार अवघड काम होते. देशाला जड झालेली ती पद्धत दीडदोन हजार वस्तीच्या गावाला मात्र सहज पेलते, आणि हंगामी लोकसंख्येसाठी तिच्याइतकी सरळ दुसरी पद्धत मला सापडलेली नाही. तेव्हा मोजणीचा एकच नियम ठेवावा: ठरलेल्या रात्री जो या शिवारात मुक्कामाला होता तो मोजायचा, तो कुठला आहे ते नंतर विचारायचे.

कोणत्या रात्री

वर्षातून चार रात्री पुरतात, पण त्या विचार करून निवडाव्या लागतात. ताडोब्याच्या बाजूला एक रात्र मे महिन्यातल्या शनिवारची घ्यावी, कारण पाणवठ्यावर वाघ दिसण्याची शक्यता उन्हाळ्यात जास्त असते आणि शाळांना सुट्टी असते. दुसरी डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यातली, तिसरी फेब्रुवारीतल्या सोमवारची आणि चौथी जुलै-ऑगस्टमधली घ्यावी. सोमवार अशासाठी की मंगळवारी सफारी बंद असते, त्यामुळे सोमवारी रात्री पाहुणे कमी असतात, कामगार मात्र तेवढेच असतात. या एका रात्रीच्या आकड्यावरून कामगारांचा पाया नीट कळतो.

चिखलदऱ्याला हेच वेळापत्रक लावले तर मोजणी उलटी पडेल. तिथे धुके आणि धबधबे पाहायला लोक पावसाळ्यात येतात. ताडोब्याचा गाभा बंद असतो त्याच ऑगस्टमधल्या शनिवार-रविवारी चिखलदऱ्यात गाडी लावायला जागा मिळत नाही. २०११ मध्ये सुमारे पाच हजार लोकवस्तीच्या या नगर परिषदेला गर्दीची रात्र ऑगस्टमध्ये आणि रिकामी रात्र जानेवारीच्या मधल्या वारी घ्यावी लागेल. दोन्हीकडे पर्यटनच आहे, पण एकाचे गणित दुसऱ्याच्या गावात चालत नाही.

गावातले किती जण गावात आहेत

पाहुणे मोजण्याच्या नादात सगळ्यात आधी जी गोष्ट निसटते ती ही की ज्या महिन्यांत पाहुणे येतात, त्याच महिन्यांत गावातली माणसे बाहेर पडतात. धान निघाले की चंद्रपूर-गडचिरोलीतल्या गावांतून मजूर मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मेळघाटातली कोरकू कुटुंबे दिवाळीनंतर कामासाठी मैदानी मुलखात उतरतात आणि होळीला घरी येतात, कारण होळी हा त्यांचा वर्षातला मोठा सण. २०११ मध्ये होळी १९ मार्चला होती. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ अशी ठरली आहे आणि त्या वर्षीही होळी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यानंतरच येते. म्हणजे दोन्ही वेळा गणनेच्या दिवसांत ही माणसे बाहेर असणार. नियमाप्रमाणे त्यांची नोंद कामाच्या ठिकाणी व्हायला हवी. वावरातल्या पालापर्यंत तिथला प्रगणक पोचला तर ती होते, नाही पोचला तर माणूस दोन्हीकडून सुटतो.

म्हणून घरोघरी जाताना ‘घरात माणसे किती’ असे विचारू नये. या प्रश्नावर शिधापत्रिकेवरची संख्या ऐकू येते. फेब्रुवारीतल्या मोजणीत एका आजीने मला सांगितले, “आठ आहो जी आमी.” मी आठ लिहून निघालो होतो. मागे वळून सहज विचारले की काल रात्री भात किती जणांचा मांडला होता. “तीन जनाचा जी. बाकीचे मिरचीवर गेले.” आठाचे तीन झाले आणि त्या दिवशी आधी केलेल्या बावीस घरांकडे मला पुन्हा जावे लागले. तेव्हापासून आमच्या प्रपत्रात पहिला प्रश्न रात्रीच्या स्वयंपाकाचा आहे. त्यानंतर बाहेर कोण गेले, कुठे, कधीपासून आणि केव्हा येणार, हे विचारावे. ही माहिती पाण्यासाठी लागत नसली तरी शाळेसाठी आणि लसीकरणासाठी लागते, आणि आशाताईंच्या नोंदवहीशी ती ताडून पाहता येते.

उलट दिशेचीही एक गर्दी असते. एप्रिल-मे महिन्यांत तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. गावात फळी, म्हणजे पत्ता गोळा करण्याचे ठिकाण, लागली असेल तर पत्ता वाळवायला आणि पोती भरायला बाहेरचे मजूर येऊन राहतात. ते पर्यटकही नाहीत आणि रहिवासीही नाहीत. त्यांच्यासाठी प्रपत्रात वेगळा रकाना ठेवला नाही, तर मोजणारा त्यांना आपल्या मनाने कुठेतरी बसवून टाकतो.

रिसॉर्ट, होम-स्टे आणि मागची टिनाची शेड

पहिल्यांदा शिवार पक्के करावे. फलकावर नाव एका गावाचे आणि जमीन दुसऱ्या गावाच्या गटातली, असे कितीतरी रिसॉर्टच्या बाबतीत असते, कारण पाहुणा प्रसिद्ध नाव शोधत येतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घर-मालमत्तांच्या कर आकारणीची नोंदवही, आणि तलाठ्याकडचे गट क्रमांक समोर ठेवून यादी करावी आणि शेजारच्या ग्रामपंचायतीला ती दाखवावी. नाहीतर एकच रिसॉर्ट दोन्हीकडे मोजले जाते, किंवा दोघेही ते दुसऱ्याचे आहे असे समजून सोडून देतात.

मुक्कामी पाहुण्यांसाठी खोल्या मोजणे पुरेसे नाही. त्या रात्री किती खोल्या भरल्या होत्या आणि त्यांत किती जण होते, हे दोन्ही लागते. हॉटेलच्या नोंदवहीत कुटुंबप्रमुखाचे नाव आणि पुढे ‘अधिक तीन’ असे लिहिलेले असते. पाच वर्षांखालची मुले तर कित्येकदा लिहिलीच जात नाहीत. पाहुण्यांच्या गाडीचे चालक कोणाच्याच वहीत नसतात. ते चालकांच्या खोलीत, गाडीत किंवा ढाब्यावरच्या बाजेवर रात्र काढतात. नोंदवही मागावी, ती पाहावी, आणि नंतर व्यवस्थापकाला विचारावे की काल रात्री जेवणाची किती ताटे लागली आणि चालकांची वेगळी किती.

कामगारांची मोजणी हा या सगळ्या खटाटोपातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. पहिल्या मोजणीत एका रिसॉर्टच्या व्यवस्थापकाने ‘स्टाफ चौदा’ असे सांगितले आणि मी ते उतरवून घेतले. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पगारपत्रकावर चौदाच होते. स्वयंपाकघरामागच्या टिनाच्या शेडबाहेर मात्र एकतीस चपलांचे जोड होते. ठेकेदाराची साफसफाईची माणसे, माळी, जलतरण तलावाचे काम करणारे, रंगारी आणि त्यांच्यापैकी दोघांची कुटुंबे अशी सगळी तिथे राहत होती. दुसऱ्या मोजणीपासून आम्ही कार्यालयात न बसता आधी मागच्या बाजूला जातो. तिथेही झोपलेल्यांची गणती करताना जागे असलेले निसटतात. रात्रपाळीचा चौकीदार आणि पहाटेच्या सफारीसाठी चारला उठून चहा करणारा मुलगा हे दोघेही मुक्कामीच असतात.

गावातलेच लोक रिसॉर्टवर कामाला असतील, तर ते झोपायला घरी जातात की तिथेच राहतात, हे विचारल्याशिवाय त्यांना कुठेही लिहू नये. जिप्सीचे चालक आणि गाईड बहुतेक आसपासच्या गावांतलेच असतात आणि घरी झोपतात. त्यांना दोन्हीकडे मोजले की आकडा फुगतो.

जुलै ते सप्टेंबर हे महिने रिकामे असतात असे गृहीत धरण्याचा मोह होतो. गाभा बंद असला तरी त्याच्याभोवतीच्या बफर क्षेत्रातली काही गेट पावसाळ्यातही चालू असतात, आणि रिसॉर्टची डागडुजी, नव्या खोल्यांचे बांधकाम याच काळात काढले जाते. एका ऑगस्टमध्ये आम्हाला पाहुण्यांपेक्षा गवंडी जास्त सापडले.

होम-स्टेचा विषय नाजूक आहे. दोन खोल्यांपैकी एक पाहुण्याला देणाऱ्या घराला भीती असते ती घरपट्टी व्यावसायिक दराने लागेल याची. पहिल्या वेळी आमच्याबरोबर करवसुलीचे काम करणारा कर्मचारी होता. त्या फेरीत गावात पाहुणे ठेवणारे एकही घर निघाले नाही. पुढच्या वेळी आशाताई आणि बचत गटातल्या दोन बायका गेल्या, आणि एकोणीस खोल्या निघाल्या. तेव्हा कर आणि मोजणी यांची माणसे वेगळी ठेवावीत, प्रपत्रावर नाव लिहू नये, आणि तसे आधी ग्रामसभेत जाहीर करून मग ते पाळावे. रिसॉर्टवाल्यांनाही असाच शब्द द्यावा लागतो, कारण आपल्या किती खोल्या रिकाम्या राहतात हे शेजाऱ्याला कळू नये अशी त्यांची रास्त इच्छा असते. एका रिसॉर्टचा आकडा कधीही सुटा छापू नये.

गेटवरच्या नोंदीचा फसवा आकडा

गेटवरची प्रवेशाची नोंद नेमकी आणि रोजची असते, म्हणून पर्यटकांचा आकडा तिथूनच घ्यावा असे कोणालाही वाटेल. पण ती नोंद जागांची असते. तीन सफारी करणारा एक पर्यटक तिच्यात तीनदा येतो. चंद्रपूरला झोपून पहाटे गेटवर येणारा त्यात असतो आणि आपल्या गावात राहून दुसऱ्या गेटने आत जाणाराही तिथल्या वहीत असतो. सफारी न मिळाल्यामुळे दोन दिवस रिसॉर्टवरच बसून राहिलेले कुटुंब मात्र कुठल्याच गेटवर सापडत नाही. ही नोंद वापरायची असेल, तर पन्नास-साठ पाहुण्यांना ‘किती रात्री राहिलात, किती सफारी केल्या, कोणत्या गेटने’ एवढे तीनच प्रश्न विचारून सरासरी काढावी आणि त्या सरासरीने जागांना भागावे. तरीही मी तो आकडा फक्त महिन्यामहिन्यांतला चढउतार पाहण्यासाठी वापरतो.

ताळा कसा घ्यावा

चार रात्रींच्या मधले दिवस भरून काढायला आणि मोजणीचा ताळा घ्यायला गावात काही खुणा आपोआप मिळतात. पाण्याची खूण सर्वांना पहिल्यांदा सुचते. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याकडे वही देऊन टाकी दिवसातून किती वेळा भरली ते लिहायला सांगावे. अडचण अशी की बहुतेक रिसॉर्टच्या स्वतःच्या बोअरवेल असतात, त्यामुळे पाहुण्यांचे पाणी ग्रामपंचायतीच्या टाकीत दिसतच नाही. जमिनीखालचे पाणी मात्र दोघांचे एकच असते आणि मे महिन्यात हातपंप हवा ओढू लागला की ते कळते.

विजेच्या बिलांवर मी भरवसा ठेवत नाही, कारण मे महिन्यात एक वातानुकूलित खोली हिवाळ्यातल्या कित्येक खोल्यांइतकी वीज खाते आणि माणसे वाढली की ऊन वाढले हे बिलावरून समजत नाही. कचऱ्याचे वजन बरे. घंटागाडीचा कचरा जुलैत सात दिवस आणि मे महिन्यात सात दिवस वजनकाट्यावर घातला, तर दोन आठवड्यांचे गुणोत्तर हाती येते. त्यावरून माणसे काढायला जाऊ नये, कारण पाहुणा गावकऱ्याच्या कितीतरी पट कचरा करतो.

मला सगळ्यांत उपयोगी पडली ती चादरींची चिठ्ठी. धुलाईची गाडी रिसॉर्टवरून किती चादरी, किती अभ्रे नेले याची रोज चिठ्ठी करते, कारण त्यावर तिचे बिल ठरते. पाहुणा गेला की चादर बदलली जाते, म्हणून या चिठ्ठीवरून मुक्काम सोडून गेलेले पाहुणे कळतात. त्यांना सरासरी मुक्कामाने गुणले की रात्री मिळतात. ज्या कागदावर कोणाचे तरी पैसे अवलंबून असतात तो कागद सहसा नीट लिहिलेला असतो. मोबाइल टॉवरच्या आकड्यांविषयी अलीकडे बरेच बोलले जाते, पण ते ग्रामपंचायतीच्या हाती येत नाहीत आणि जंगलाच्या कडेला जिथे नेटवर्कच तुटक मिळते तिथे त्यांचा फार उपयोगही नाही.

मुक्काम-रात्रींचा हिशेब

चार रात्रींचे आकडे हातात आले की ते एकाच मापात आणावे लागतात. ते माप म्हणजे मुक्काम-रात्र. एक माणूस एक रात्र राहिला की एक मुक्काम-रात्र होते. वर्षभराच्या मुक्काम-रात्रींना ३६५ ने भागले की त्या गटामुळे गावात कायमची किती माणसे वाढल्यासारखी आहेत, हे कळते. पुढचे आकडे हिशेब समजावा म्हणून मानलेले आहेत, कोणत्याही गावाचे नाहीत.

समजा गावात १,२०० रहिवासी आहेत. ऑक्टोबर ते जून या २७३ दिवसांत रोज सरासरी १५० पाहुणे मुक्कामी असतात आणि उरलेल्या ९२ दिवसांत १५. पाहुण्यांच्या मुक्काम-रात्री ४०,९५० अधिक १,३८०, म्हणजे ४२,३३० झाल्या. भागाकार येतो ११६. आता बाहेरून येऊन राहणारे कामगार हंगामात १७० आणि बंद काळात ४० आहेत असे धरू. त्यांच्या रात्री ४६,४१० अधिक ३,६८०, म्हणजे ५०,०९०. भागाकार १३७. पाहुण्यांची गर्दी डोळ्यांत भरते, पण वर्षाच्या हिशेबात कामगार त्यांच्यापेक्षा जड भरले, कारण पाहुणा दोन रात्री राहून जातो आणि कामगार मंगळवारीही असतो. आपल्या गावात हे गुणोत्तर वेगळे निघेल, पण हिशेब करण्याआधी कामगारांना किरकोळ समजू नये. उपकेंद्रात तापाने येणारा, मुलाला अंगणवाडीत घालू पाहणारा, किराणा उधारीवर नेणारा माणूस या १३७ पैकीच असतो.

मात्र वार्षिक सरासरी सगळ्या कामांना लावू नये. दवाखाना, अंगणवाडी, धान्य यांच्यासाठी ती ठीक आहे. पाणी, सांडपाणी आणि वाहनतळ यांच्यासाठी गर्दीच्या रात्रीचाच आकडा घ्यावा लागतो. त्याच मानलेल्या गावात मे महिन्यातल्या शनिवारी ६० रहिवासी बाहेर असल्याने १,१४० घरी आहेत, १७० कामगार, ३० चालक आणि २९१ पाहुणे आहेत. एकूण १,६३१. जल जीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा आहे, आणि हॉटेलसाठी अभियंते खाटेमागे १८० लिटर धरतात. रहिवाशांना ६२,७०० लिटर, कामगार व चालकांना ११,००० आणि पाहुण्यांना ५२,३८० लिटर, असे मिळून १,२६,०८० लिटर होतात. भिंतीवरच्या १,२०० आकड्यावर ५५ लिटरने योजना केली असती, तर ती ६६,००० लिटरची झाली असती. माणसे सुमारे ३६ टक्क्यांनी वाढली आणि पाणी जवळजवळ दुप्पट लागले.

निधीच्या बाबतीत मात्र हा हिशेब अजून कुठे जोडता येत नाही. १५ व्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांचे अनुदान राज्याराज्यांत वाटताना लोकसंख्येला ९० टक्के आणि क्षेत्रफळाला १० टक्के भार दिला, आणि ती लोकसंख्या २०११ चीच धरली. म्हणून आपल्या मोजणीचा कागद दाखवून अनुदान वाढेल अशी आशा गावाला दाखवू नये. त्या कागदाचा उपयोग व्याघ्र प्रकल्पाशी, जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाशी आणि रिसॉर्टवाल्यांशी बोलताना होतो, आणि तो चांगला होतो.

दिवसभराचे पाहुणे

सकाळी येऊन सांजेला परतणाऱ्यांना मुक्काम-रात्रींत मिसळू नये. लोणारला सरोवर पाहायला येणारे किंवा नागपूरहून उमरेड-कऱ्हांडल्याला येणारे बहुतेक असेच असतात, आणि अशा ठिकाणी रात्रीची मोजणी फारसे काही सांगत नाही. गावाच्या तोंडाशी पहाटे पाचपासून अंधार पडेपर्यंत दोघांना बसवावे, येणाऱ्या आणि जाणाऱ्या गाड्या वेगवेगळ्या मोजाव्यात आणि प्रत्येक दहाव्या गाडीला थांबवून किती जण आहेत व मुक्काम कुठे आहे, एवढेच विचारावे. गाडीचा क्रमांक एमएच-३४ म्हणजे चंद्रपूरचा आणि एमएच-४० म्हणजे नागपूर ग्रामीणचा, यावरून मुक्कामाचा अंदाज बांधू नये; भाड्याच्या गाड्या कुठल्याही क्रमांकाच्या असतात. यात्रा असेल तर तिचा कागद वेगळा करावा आणि वर्षाच्या सरासरीत तिला आणू नये.

कागद कसा लिहावा

प्रत्येक रात्रीसाठी एक पान ठेवावे. वर तारीख, वार, हवामान आणि त्या रात्री गाभा चालू होता की बंद, हे लिहावे. त्याखाली घरी असलेले रहिवासी, बाहेर गेलेले रहिवासी, बाहेरून आलेले कामगार, पाहुणे, चालक आणि इतर हंगामी मजूर असे सहा रकाने करावेत. बाहेर गेलेल्यांची बेरीज त्या रात्रीच्या एकूण आकड्यात धरू नये. सगळ्यात खाली, काय मोजता आले नाही ते स्पष्ट लिहावे: कोणत्या रिसॉर्टने माहिती दिली नाही, कोणत्या वस्तीवर जाता आले नाही, किती घरांना कुलूप होते. जे सुटले त्याच्या जागी अंदाज भरला असेल, तर तो वेगळ्या शाईने लिहावा. आमच्या पहिल्या कागदावर ही ओळ नव्हती, आणि तीन वर्षांनी तो पुन्हा काढला तेव्हा त्यातले कोणते आकडे मोजलेले आणि कोणते मानलेले, हे मलाच सांगता आले नाही.

मे आणि ऑगस्टच्या रात्री आटोपल्या की त्यांची पाने २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मांडावीत. पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा त्याच सुमारास आकाराला येतो, आणि गाभा आदल्याच दिवशी उघडलेला असल्याने रिसॉर्टचे व्यवस्थापकही नुकतेच गावात परतलेले असतात. त्यांना त्या सभेला बोलवावे, आणि डिसेंबरच्या रात्रीसाठी कोणाच्या रिसॉर्टवर कोण येणार, हे तिथेच ठरवून घ्यावे.